ओटीतलं देवधान

१८ जुलै

भावाला, मनिषला, लाखांदूरच्या खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे तारखा बरोबर आणि वार चुकीचे. मला चालेल. पुढचे सहा आठवडे मला कोणत्या वारी कुठे जायचं आहे?

काय झालं ते एकदाच लिहून टाकते. चार दिवसांपूर्वी मी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, घसरले. फोटो काढत होते. आमच्या दिघोरीच्या तलावात काठाकाठानं देवधान उगवतं, म्हणजे जंगली भात. त्याचा एक झकास फोटो मला हवा होता. आमचा संशोधनाचा पेपर ज्या जर्नलला पाठवलाय ते लोक मुखपृष्ठासाठी फोटो मागतात. पेपर अजून स्वीकारलेला नाही, पण मी मुखपृष्ठापर्यंत पोचले होते. मागे सरकले आणि एक पाऊल जास्त सरकले. घोट्याची दोन्ही हाडं मोडली. भंडाऱ्याला ऑपरेशन, आत पट्टी, बाहेर प्लास्टर, आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही.

नागपूरचं माझं हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा सचिन पुण्यात, एका खोलीत, दिवसभर कंपनीत. सासूबाई शहापूरला, त्यांचेच गुडघे गेलेले. उरलं माहेर.

तर मी, गुंजन, वय तीस, पीएच.डी.चं शेवटचं वर्ष, मधल्या खोलीतल्या पलंगावर. खिडकीतून गोठा आणि भाताच्या बांधीचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात सगळं गाव रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून राहिलं आहे आणि मी पाहून राहिले आहे.

२२ जुलै

घरात मोबाइलला रेंज फक्त खिडकीच्या गजाशी येते. आईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून मोबाइल गजाला बांधून दिला. आता कोणाशीही बोलायचं तर स्पीकर लावून ओरडायचं. सचिनशी गोड बोलायचं तरी ओरडून. पलीकडे स्वयंपाकघर, तिथे चंदा आणि आई, दोघी सगळं ऐकतात आणि भाकरी थापतात.

चंदा मनिषची बायको, माझी भावजय, बी.ए. झालेली. दुपारी येऊन बसली. "ताई, तुमी दिवसभर त्या लॅपटॉपमंधी काय पाहून राहता?"

मी म्हटलं, कुळं मोजते. माणसांची असतात तशी जनुकांचीही कुळं असतात. एका जनुकाची चुकून नक्कल होते, एकाचे दोन होतात, दोनाचे पाच. कुठे एखादं हरवूनही जातं. वेगवेगळ्या भातांमध्ये आज कोणत्या कुळात किती जण आहेत तेवढं आपल्याला दिसतं. मागच्या लाखो वर्षांत कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, ते गणितानं ताडायचं. मी मॉडेल लिहिते, नागपूरचा मोठा संगणक ते चालवतो.

"म्हणजे मेलेल्या लोकायची जनगणना," चंदा म्हणाली.

एवढं बरं मला माझ्या गाइडना, योगेंद्रसरांना, कधी सांगता आलं नाही. मग मी तिला आमची मोठी गोष्टही सांगितली. देवधानात रोगाशी लढणाऱ्या जनुकांचं एक कुळ आहे. शेतातल्या भातात त्याचे जितके सदस्य, त्याच्या जवळजवळ दुप्पट आमच्या तलावातल्या भातात. मॉडेल सांगतं की भातांच्या वंशवृक्षाच्या या एका फांदीवर वाढीचा दर एकदम उसळला. असं कोणालाच कुठे सापडलेलं नाही. हाच पेपर, हीच माझी पीएच.डी.

"थे धान मीनंच देल्लं ना?" आतून आईचा आवाज आला.

हो, तिनंच. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी होती. सरांना भंडाऱ्याच्या तलावांतलं जंगली बी हवं होतं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या केशरबाई डोंग्यात बसून ते झोडपून आणतात, त्यांच्याकडून आईनं मिळवलं. कुसळं मला टोचतील म्हणून अख्खी दुपार बसून हातानं चोळून काढली. मी म्हटलं प्लास्टिकच्या पिशवीत दे, तर ऐकलं नाही, निघताना ओटीतच घातलं. ओटी भरता भरता मध्येच उठून आत गेली, परत आली, मग गाठ मारली. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि माझा जीव वर-खाली होत होता.

नागपूरला ते बी तिसऱ्या दिवशी उगवलं. सर म्हणाले, जंगली भात महिना महिना झोपून राहतो, तुझा बरा उठला. मी म्हटलं, सर, दिघोरीचा आहे, रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे झोपायची सोय नाही. काही दाणे उगवलेच नाहीत, ते मी फेकून दिले. रोपं नाजूक होती, पानं एवढीशी. एका रोपातून पुरेसा डीएनए निघेना, म्हणून सगळ्यांची पानं एकत्र वाटून घेतली. ही सगळी हकिकत मी आज चंदाला रंगवून सांगितली. पडल्यापासून आजचा पहिला बरा दिवस.

२९ जुलै

परीक्षकांची मतं आली. योगेंद्रसरांनी फोनवर वाचून दाखवली, म्हणजे अर्ध्या आळीलाही ऐकू आली. पहिला खूश आहे. दुसरा म्हणतो, ही वाढ फार मोठी दिसते, मोजणीतल्या चुकीमुळे ती दिसत नाही ना याची खात्री पटवा. मुदत पंधरा सप्टेंबर.

मला राग आला, कारण प्रश्न रास्त आहे.

नेदरलँड्समधल्या एका प्राध्यापक बाईंनी पेपरचा कच्चा मसुदा वाचूनच मला बोलावलं आहे. जानेवारीपासून तीन वर्षं. काम हेच, या कुळाची अशी वाढ का झाली ते शोधायचं. सचिननं त्याच्या साहेबाला सांगून टाकलंय की डिसेंबरनंतर मी नाही. त्याच्या आईनं शहापूरभर सांगून टाकलंय. माझ्या पायाचं प्लास्टर निघायच्या आत माझं विमान उडालेलं आहे.

५ ऑगस्ट

प्लास्टरच्या आत खाज. चंदानं स्वेटर विणायची सुई दिली. आयुष्यात एवढं सुख क्वचित मिळालं असेल.

वीज दुपारपासून नाही. नागपूरला संगणक चालू असेल की बंद पडला असेल, कळायला मार्ग नाही. आई म्हणते, "नाई तं नाई. पड जराशी." मी गेले तीन आठवडे पडूनच आहे.

११ ऑगस्ट

झालं. परीक्षकाचं तोंड बंद.

मोजणीत चूक होते हे धरून चालणारं एक जास्तीचं मॉडेल असतं. ते सगळ्या भातांच्या आकड्यांत थोडी चूक गृहीत धरतं आणि मग पुन्हा हिशेब करतं. मी ते लावलं. दर थोडा खाली आला, पण देवधानाची वाढ उभीच आहे. सर एवढे खूश झाले की त्यांनी मला पायाबद्दल विचारलं.

पेपरच्या शेवटी आभारात मी आईचं नाव घालणार आहे. सत्यभामाबाई, दिघोरी. तिला अजून सांगितलेलं नाही. छापून आल्यावर पान दाखवीन.

१६ ऑगस्ट

आज मी वाईट वागले. लिहायला लाज वाटते, पण दुसरं कोणाला सांगू?

आई माझे केस विंचरत होती. मी दहा वर्षांची असताना भंडाऱ्याला मावशीकडे शिकायला गेले, त्यानंतर इतके दिवस या घरात सलग राहिलेच नाही. आई म्हणाली, "किती वर्सानं राहिली वं तू घरी. देवानंच राहवलं म्हणा."

मी म्हटलं, देवानं नाही, पाळीवरच्या चिखलानं. आणि मला इथे राहायचं नाही. मला इथे श्वास कोंडल्यासारखं होतं. शौचाला जायला दोन बायका लागतात, फोन करायला ओरडावं लागतं, खिडकीबाहेर तीच म्हैस. मला जायचं आहे, खूप लांब जायचं आहे, कळलं का?

तिनं गुंता हळूच सोडवला. वेणी घट्ट घातली. तिच्या हाताला राग कधी येत नाही, हे मला जास्त लागतं.

२२ ऑगस्ट

पोळा. मनिषनं बैल दारात आणले, आईनं ओवाळले. मी खिडकीतून पाहिले. एका बैलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला आज कामाला सुट्टी आणि गावभर मिरवणूक. मला सुट्टीच सुट्टी, पण उंबऱ्याच्या आत.

सरांनी उत्तराचा मसुदा पाठवला. छान लिहिलाय. पाच तारखेला नागपूरला ये, एकत्र बसून पाठवून देऊ, म्हणाले. दोन तारखेला प्लास्टर निघणार.

२८ ऑगस्ट

पहिल्यापासून लिहिते.

आज ऋषिपंचमी. आईचा उपास असतो, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही, तेल-मीठ चालत नाही. परसात हातानं लावलेली भाजी, आणि देवधानाचा भात. ते तलावात आपोआप येतं, त्याला कोणी नांगर लावलेला नसतो. दारात सूप घेऊन ती तांदूळ निवडत होती. सूप धुतलेलं, हात धुतलेले. एकेक दाणा बोटानं उलटून पाहत होती.

मी म्हटलं, "एवढं काय पाहतेस?"

"नांगराखालचा एक दाणा गेला तरी उपास मोडते, बाई."

मला गंमत वाटली. मी म्हटलं, "मला दिलंस तेही असंच निवडून दिलं होतंस ना? तुझं नाव छापून येणार आहे माझ्या पेपरात."

"माह्यं कायले नाव? केशरबाईचं धान थे. अन् एक मूठ आपल्या ढोलीतली."

मी विचारलं, कोणती ढोली. आमच्या घरात धान साठवायला बांबूची विणलेली मोठी ढोली आहे, दुसरी कोणती असणार? तरी विचारलं.

"आपली. काळ्या सालीचं धान, तुह्या आजीच्या वेळचं. कुसळं काढली का दोन्ही सारखीच दिसते."

"त्यात मिसळलंस?"

"मंग? ओटी का उपासाची असते? ओटीत घरचं लागते." आणि ती पुन्हा दाणे निवडायला लागली.

तिसऱ्या दिवशी उगवलेली ती रोपं. न उगवलेले दाणे मी फेकले होते. कोणते फेकले मी?

३० ऑगस्ट

दोन दिवस तपासलं. आता शंका उरलेली नाही.

डीएनए वाचणारं यंत्र प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतं. खरोखर असलेलं जनुक सगळ्यांइतक्या वेळा वाचलं जातं. त्याची खरी नक्कल असेल तर तीही पूर्ण वेळा वाचली जायला हवी. आमच्या जास्तीच्या जनुकांना निम्मीच वाचनं मिळाली आहेत, आणि त्यांच्या जोडीदारांनाही निम्मीच. एक भाकरी दोन ताटांत वाढलेली. मग निम्मे निम्मे वेगळे काढून पाहिले. त्यातला एक वाटा शेतातल्या भाताशी अक्षर न् अक्षर जुळतो.

कुळ वाढलेलंच नाही. दोन निरनिराळ्या भातांची जनुकं मी एकाच झाडाची म्हणून मोजली. रोगाशी लढणारी जनुकं भाताभातात सर्वात वेगळी असतात, म्हणून नेमकी तीच दोनदा मोजली गेली. हा आकडा मला आधीच काढता आला असता. पण जंगली भात आहे, त्यात गोंधळ असणारच, असं म्हणून मी पुढे गेले होते. आणि ते चुका धरणारं मॉडेल इथे काय करणार? ते सगळ्यांच्या थोड्या थोड्या चुका धरतं. एकाच भाताची एवढी मोठी चूक त्याला वाढच वाटली. मलाही वाटली.

पेपर नाही. पीएच.डी. नाही. नेदरलँड्स नाही. सचिनची नोकरीही जवळजवळ नाही. आणि मी पलंगावर.

३१ ऑगस्ट

सरांना फोन केला. नेहमीसारखा, गजाशी तोंड नेऊन, ओरडून.

"सर, नमुना मिसळलेला आहे. आईनं ओटीत घरचं धान घातलं होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किती?" ते म्हणाले.

"मूठभर."

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग ऐक. परीक्षकानं काय विचारलंय? मोजणीची चूक. त्याचं मॉडेल तू लावलंस, निकाल टिकला. तेवढं लिहायचं. जे विचारलेलंच नाही त्याचं उत्तर कशाला देतेस?"

"ते खोटं होईल, सर."

"खोटं नाही, अपुरं. सगळेच पेपर अपुरे असतात." मग त्यांचा आवाज खाली आला. "मार्चमध्ये मी रिटायर होतोय, गुंजन. तू माझी शेवटची विद्यार्थिनी. तुझी फेलोशिप संपली आहे. नवीन नमुना, नवीन वाचन, वर्ष जाईल. कोण देणार ते वर्ष तुला?"

मला रडू फुटलं. मी ओरडले, "मी काय करू सर? एकाच झाडाचं पान घ्यायला हवं होतं. एका मुठीनं माझी तीन वर्षं खाल्ली. आईच्या त्या एका मुठीनं."

सर म्हणाले, दोन दिवस विचार कर. फोन ठेवला. स्वयंपाकघरात भाकरीचा आवाज थांबला होता. वीज गेली असावी, मिक्सरही बंद होता.

१ सप्टेंबर

चहा आज चंदानं आणला. आई दिसली नाही. उपासाचा शीण असेल, वयही झालं.

मी दोन्ही बाजूंनी कोंडले आहे. बोलले तर सगळं गेलं. गप्प राहिले तर सगळं मिळालं, पण कसं? तिथे जाऊन मी काय करणार आहे? तीन वर्षं, चांगल्या प्रयोगशाळेत, बर्फात, एका वाढीचं कारण शोधणार जी झालीच नाही. रोज सकाळी उठून आमच्या ढोलीतलं धान शोधणार. आणि ते सापडू नये म्हणून जपणारही मीच. त्या खोट्याचं प्लास्टर कोणता डॉक्टर कापणार?

मूठ आईची होती. पण सगळी पानं एकत्र वाटणारा हात माझा होता. फोनवर मी तसं म्हटलं नाही.

२ सप्टेंबर

भंडाऱ्याला प्लास्टर काढलं. पाय पांढरा, बारीक, कोणा दुसऱ्याचा वाटतो. डॉक्टर म्हणाले कुबडीनं चालायचं, वजन हळूहळू टाकायचं. उठून उभी राहिले तर भीती वाटली. इतके दिवस बाहेर जायचं म्हणून जीव टाकत होते आणि आता दार समोर आहे तर पाऊल उचलेना. मनिष म्हणाला, "टाक ना ताई, मी हाओ न." टाकलं.

३ सप्टेंबर

पाठवलं.

परीक्षकांना आणि संपादकांना द्यायचं पत्र: नमुना मिसळलेला होता, निष्कर्ष टिकत नाही, पेपर मागे घेत आहोत. सरांच्या नावाशिवाय ते पत्र जर्नलकडे जात नाही, म्हणून आधी सरांना. मग नेदरलँड्सच्या बाईंना वेगळा मेल. आभारातून आईचं नाव काढायची वेळच आली नाही.

सचिनला फोन केला. आज मोबाइल सोडून घेऊन कुबडीनं पाळीपर्यंत गेले, तिथे रेंज येते. पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी साहेबाला सांगून बसलोय ना." मी म्हटलं, माहीत आहे. "आई तर सगळ्यांना..." मी म्हटलं, तेही माहीत आहे. रविवारी येणार होता, आता जमेल असं वाटत नाही म्हणाला. रागावला नाही. तो रागावत नाही, फक्त त्याचा आवाज पडतो. मला फार वाईट वाटलं. पण परत येताना जेवायची भूक लागली होती, खूप दिवसांनी.

४ सप्टेंबर

बाईंचं उत्तर आलं. सभ्य आहे. कळवल्याबद्दल आभार, जागा धरून ठेवता येणार नाही, पुढे नवीन माहिती असेल तर जरूर अर्ज करा. तीन ओळी. मी त्या दहा वेळा वाचल्या, चौथी ओळ सापडते का म्हणून.

सरांचं काल दिवसभर काही नाही. आज संध्याकाळी एक मेसेज: "येताना पान आण." बस, एवढंच. म्हणजे पत्र मान्य, आणि नवा नमुना एकाच झाडाचा. मी मोबाइल छातीशी धरून बसले. फेलोशिप नाही, पगार नाही, मार्चपर्यंत प्रयोगशाळेचं दार उघडं आहे एवढंच. ते पुष्कळ वाटलं.

मनिषला म्हणणार होते की तलावातून एक रोप आणून दे. तर तो शेतावर. आई संध्याकाळी कुठून तरी आली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी विचारलं कुठे गेली होतीस, तर म्हणाली, "केशरबाईकडे." चंदाला विचारलं, तिला माहीत नव्हतं. आई हल्ली माझ्याशी कमी बोलते. जायचे दिवस आले की ती अशीच होते.

५ सप्टेंबर

नागपूर. हॉस्टेलच्या तळमजल्यावर मैत्रिणीच्या खोलीत जागा मिळाली. आजचं सगळं लिहून मगच झोपणार.

रविवारी पितृपक्ष लागतो, त्याच्या आत नीघ म्हणून आईनंच घाई केली. सकाळी पडवीत एक बादली होती. बादलीत चिखल, चिखलात हिरवं रोप, पानं कमरेएवढी.

"एकच झाड हाय," आई म्हणाली. "केशरबाई म्हणे दोन घेऊन जाय. मीनं म्हटलं, नाई, एकच. मुळं धुऊन पाह्यली. त्यात दुसरं कायीच नाई."

मला वाटलं मनिषनं सांगितलं असेल. मनिषकडे पाहिलं, तो गाडी पुसत होता. त्याला मी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं मला मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पायाखाली उशी दिली, ओटी भरायला घेतली. मी ओढणी पसरली. हळद, कुंकू, नारळ, सुपारी, खण. आणि थांबली. गाठ मारायला ओढणीची टोकं हातात घेतली.

"धान?" मी म्हटलं.

"या खेपेले नाई टाकत. तुह्या कामात मिसळते थे."

मी खिडकीच्या गजाकडे पाहिलं. लुगड्याचा काठ अजून तिथेच बांधलेला होता.

"तू ऐकलंस?"

"खिडकीले बांधून बोलतं, गाव ऐकते." ती हसली नाही. "माह्या मायनं टाकलं, तिच्या मायनं टाकलं. घरचं धान ओटीत असलं का पोरीचे पाय घराकडे वळते, असं म्हणते. तेवढ्यासाठीच टाकत होती वं. मले का मालूम, तुह्या त्या मशिनीत जाते म्हणून. आता नाई टाकत. तुले जायचं थे जाय, लांब जाय."

त्या दिवशी भाकरीचा आवाज वीज गेली म्हणून थांबला नव्हता. भाकरीला वीज लागत नाही. एवढं शिकले, आणि हे मला पाच दिवस कळलं नाही.

मी तिचा हात धरला. म्हटलं, आई, चूक माझी होती. धान तू मिसळलंस, पण पानं मी मिसळली, तीही न मोजता. ती "हाव, हाव" म्हणत राहिली. आजारी माणसाला म्हणतात तसं. तिला ते पटलं असं मला वाटत नाही, आणि आता कधी पटेल असंही नाही. हे मला आयुष्यभर पुरेल.

"टाक," मी म्हटलं.

"कायले?"

"टाक ना. मला हवंय."

तिनं हातातली टोकं माझ्या मांडीवर ठेवली. मग आत गेली. ढोलीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मूठ मिटून बाहेर आली आणि माझ्या ओटीत काळ्या सालीचं धान सोडलं. हाताला चिकटलेले दोन-चार दाणेही झटकून त्यातच टाकले. मी ते नारळापासून वेगळं काढून ओढणीच्या टोकाला बांधलं आणि गाठीवर गाठ मारली.

मनिषनं बादली गाडीत ठेवली. आई दारापर्यंत आली, फाटकापर्यंत आली, गाडी सुरू झाली तरी चालत आली.

"त्या बादलीपासून लांब ठेवजो वं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. बादली पायाशी डावीकडे होती. ओढणीची गाठ मी उजव्या मुठीत धरली, ती नागपूर येईपर्यंत सोडली नाही.